प्रवेश दिला, पण अटीवर!

दहावी-बारावीचे निकाल लागले की “यंदाही मुलींचीच सरशी” हा मथळा दरवर्षी नेमाने छापला जातो. आमच्या छापखान्यात तो कायमचा जुळवून ठेवला तरी चालेल, इतका तो ठरलेला आहे. तो वाचून आईबापांस संतोष होतो, शाळांचे चालक सत्कार घडवून आणतात, पेढे वाटले जातात. पुढे त्या सरशीचे होते काय, हे विचारण्याचा प्रघात मात्र नाही. आज आम्ही तेवढेच विचारणार आहोत. आणि आमचा प्रश्न सरकारापेक्षा, ज्यांच्या घरी मुलगा व मुलगी दोघेही शिकत आहेत अशा गृहस्थांस अधिक आहे.

प्रथम एक जुने प्रकरण सांगणे अवश्य आहे. १९३३ साली कमला भागवत ही मुलगी रसायन व पदार्थविज्ञान घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. वडील व चुलते दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. सबब मुलीनेही तेथेच अर्ज केला. संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. नोबेल पारितोषिक मिळून त्यांस तीन वर्षे झाली होती आणि सारा देश त्यांच्या नावाने मान ताठ करीत होता. त्यांनी अर्ज फेटाळला. गुण कमी होते म्हणून नव्हे. अर्जदार स्त्री होती म्हणून. मुलगी बंगळुरास जाऊन उभी राहिली, कारण काय ते सांगा म्हणाली, आणि प्रवेश मिळाल्यावाचून येथून हलणार नाही असे तिने बजावले. दिवस सत्याग्रहाचे होते. तिने तोच मार्ग धरला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटीवर. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी गणली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीदेखील, काम केले पाहिजे. आणि तिच्यायोगे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये!

ही शेवटची अट आमच्या वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी. चित्त विचलित व्हायचे पुरुषांचे, आणि जामीन द्यायचा तो मुलीने! कोणत्याही न्यायालयात असा जामीन मागितला असता तर न्यायाधीशास हसू आवरले नसते. परंतु विद्यामंदिरात तो मागितला गेला, आणि दिलाही गेला. कमलाबाईंनी एका वर्षात आपल्या कामाने रामन यांचा आक्षेप फोल ठरविला, व त्यानंतर संस्थेत मुलींस प्रवेश मिळू लागला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करीत असता, पेशींच्या श्वसनक्रियेत लागणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञानसंस्थेत अध्यापन केले, गोरगरिबांच्या आहारातील नीरेचे पोषणमूल्य तपासले. आणि तरीही त्या संस्थेचे संचालकपद त्यांच्या हाती यावयास कित्येक वर्षे उशीर झाला. रामन यांच्या शास्त्रीय थोरवीविषयी आम्हांस आदरच आहे. प्रकाशाच्या विकिरणाचा नियम शोधणाऱ्या बुद्धीलाही रूढीचा पडदा भेदता आला नाही, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

कायदा जाणणारास हक्क आणि अनुज्ञा यांतील भेद सांगावयास नको. हक्क हा स्वतःचा असतो. अनुज्ञा ही दुसऱ्याची मेहरबानी असते, तिला अटी जोडता येतात आणि मनास येईल तेव्हा ती मागेही घेता येते. आपल्या देशात मुलींस विज्ञानाचे व यंत्रविद्येचे दार उघडले ते अनुज्ञेने, हक्काने नव्हे. मद्रासेजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात अ. ललिता ही अठराव्या वर्षी विधवा झालेली, पदरी तान्ही मुलगी असलेली स्त्री शिकू शकली. वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे तो योग जुळून आला. १९४३ साली ती विद्युत अभियंता झाली, तेव्हा पदवीपत्राच्या छापील मजकुरातील पुरुषवाचक सर्वनाम खोडून तेथे हाताने स्त्रीवाचक लिहावे लागले. स्त्री या विद्येत येईल अशी कल्पनाच छापणारास नव्हती! ॲना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे व माणके यांच्या प्रकाशगुणांवर वर्षानुवर्षे खपल्या, पण एम.एस्‌सी. नाही या सबबीवर विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. त्याच ॲना मणींनी १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात पर्जन्यमापकापासून अनेक उपकरणे देशातच घडविण्याची घडी बसविली. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी या अभियंता तरुणीने जे. आर. डी. टाटांस पत्र लिहून जाब विचारला तेव्हा कोठे ते दार उघडले. खाणींची गोष्ट तर याहून विलक्षण. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांस भूगर्भातील कामाची मनाई केली होती. मजूर स्त्रियांच्या रक्षणाचा हेतू त्यामागे असेलही. परंतु खाणविद्या शिकलेल्या मुलीला खाणीत उतरण्याची मोकळीक मिळावयास २०१९ साल उजाडले.

येथे कोणी म्हणेल, की हे सर्व होऊन गेले. आता मंगळावर यान धाडणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे आम्हीच छापतो, २०१९ च्या चंद्रयानाची सूत्रे दोन स्त्रियांच्या हाती होती, मग तक्रार कसली? तक्रार अशी, की चार छायाचित्रांनी जमाखर्च जुळत नाही. वही उघडून पाहू. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञानशाखेत ५७ लाखांवर विद्यार्थी आहेत, आणि त्यांत मुली निम्म्याहून अधिक आहेत. मुलींची बुद्धी गणित-विज्ञानास चालत नाही म्हणणारांनी हा आकडा घरात टांगून ठेवावा. पण दुसरे पान उलटले की अभियांत्रिकीत शंभरांत मुली अवघ्या तिसाच्या आसपास दिसतात. आणि देशाच्या संशोधनकार्यात गुंतलेल्यांत पाचांत एक स्त्रीही धड भरत नाही.

असे का व्हावे? आमच्या मते उत्तर बुद्धीत नाही, अंतरात आणि खर्चात आहे. विज्ञानाची साधी पदवी गावातल्या महाविद्यालयात होते. फी बेताची, मुलगी दिवेलागणीपूर्वी घरी. अभियांत्रिकीस शहर गाठावे लागते, वसतिगृह पाहावे लागते, चार वर्षे रक्कम गुंतवावी लागते. आमचे व्यापारी बंधू हिशेबाचे पक्के. मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकताना त्यांचा हात थरथरत नाही, कारण ती रक्कम ते भांडवलाच्या खाती लिहितात. मुलीच्या शिक्षणाची रक्कम मात्र खर्चाच्या खाती पडते, कारण पीक दुसऱ्याच्या अंगणात जाणार! बहिणीला भावापेक्षा दहा-वीस गुण अधिक असूनही भाऊ शहरात आणि बहीण गावात, हे दृश्य आमच्या वाचकांनी पाहिले नसेल असे आम्हांस वाटत नाही. हीही अट नव्हे काय? “शिक हो, पण येथेच शीक, शिक हो, पण लग्न ठरेपर्यंत शीक.” रामन यांनी अट एका वर्षाची घातली होती, घरची अट जन्मभर पुरते.

खर्चाची सबब पुढे करणारांचा आधार आता पुष्कळसा सुटला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या वर्षापासून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनेक वर्गांतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ केली. आय.आय.टी.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण झाल्या. प्रमाण प्रथम शेकडा १४, मग १७, मग २० असे चढविले गेले. त्यावर गुणवत्ता बुडाल्याची ओरड झाली. ओरडणारांनी एवढे तरी पाहावयाचे होते, की मुलींस तीच कठीण परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि या योजनेत जागा वाढविल्या, मुलांच्या कमी केल्या नाहीत. दुसरा आक्षेप जुनाच: मुली लग्नानंतर काम सोडतात, जागा फुकट जाते. बरे, अभियंता होऊन बँकेत वा पेढीवर बसणारे मुलगे कितीतरी आहेत. त्यांची जागा फुकट गेली असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकिले नाही.

पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ साली सुरू झाली, तेव्हा मुलींस मुलांचा अभ्यासक्रम कशाला, यावर येथील वृत्तपत्रांतच रणे माजली. आगरकरांनी त्या वेळी दोघांसही एकच शिक्षण, तेही एकत्र, असा पक्ष घेतला. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ च्या विद्यापीठात स्त्रियांस निराळा क्रम योग्य मानला. या वादात आमचा कौल आगरकरांकडे आहे. तथापि अण्णासाहेबांच्याच संस्थेने १९९१ साली पुण्यात मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, हे सांगताना आम्हांस आनंद होतो. लावलेले झाड मालकाच्या कल्पनेहून उंच गेले.

फी माफ झाली तरी राहावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि तो शासनाच्या एका आज्ञापत्राने सुटणारा नाही. निरनिराळ्या व्यापारी ज्ञातींनी शहरांतून वसतिगृहे बांधली आहेत. आमच्या वाचकांपैकी कित्येक तेथेच राहून शिकले, कित्येक आज तेथे विश्वस्त आहेत. त्यांपैकी पुष्कळ इमारतींत मुलींस खोली नाही. असलीच तर सायंकाळी सातला कुलूप लागते. प्रयोगशाळा व वाचनालय मात्र रात्री दहापर्यंत उघडे! विश्वस्तांनी आपले न्यासपत्र एकवार काढून वाचावे. पुष्कळ ठिकाणी मूळ शब्द “विद्यार्थी” एवढाच सापडेल, आणि त्याचा अर्थ केवळ मुलगा असा करण्याचे काही कारण नाही. जेथे देणगीदाराने स्पष्टच मुलगे लिहिले असेल तेथे धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून योजनेत फेरफार करून घेण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे. पावसाळ्यातील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय यावा. ज्या विश्वस्तांस अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी न्यासपत्राची नक्कल घेऊन आमच्या कचेरीत यावे. तो विनामूल्य करून दिला जाईल.