राज्य कोणतं, ते आधी विचारा

‘अमेरिकेत बायकोला अर्धं मिळतंच.’ न्यू जर्सीत राहायला आल्यापासून हे वाक्य मी ऐकते आहे. लग्नाच्या बोलणीत ते मुलीच्या मामाच्या तोंडी असतं, आणि जावयाने घटस्फोटाचा अर्ज टाकल्यावर रडत फोन करणाऱ्या आईच्या तोंडीही तेच असतं. हे धादांत खोटं आहे. त्यावर विसंबून राहिलेल्या मुलींची पार वाताहत होते.

अमेरिकेत देशभर लागू असा घटस्फोटाचा कायदाच नाही. लग्न, काडीमोड, पोटगी, वाटणी सगळं राज्यांच्या हातात. कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणं कॅलिफोर्नियाने १९७० साली सुरू केलं. न्यूयॉर्कला त्यासाठी २०१० साल उजाडावं लागलं. संसारात कमावलेली मालमत्ता दोघांची समाईक मानणारी राज्यं मोजून ९. न्यू जर्सी त्यांत नाही. इथे न्यायाधीशाला न्याय्य वाटेल तशी वाटणी होते, आणि न्याय्य म्हणजे निम्मी असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. टेक्सास त्या नऊंत आहे, तरी तिथेही निम्म्याची हमी नाही.

माझा खरा संताप आहे तो पोटगीवर. आपली मुलगी इकडे येते ती बहुधा एच-४ व्हिसावर. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचेपर्यंत तिला नोकरी करता येत नाही. पुण्यात टीम लीड असलेली बाई इथे वर्षानुवर्षं घर आणि मुलं सांभाळते. समजा, हे जोडपं कॅलिफोर्नियात आहे आणि लग्नाला ८ वर्षं झाली आहेत. तिथे मोडलं तर संसारातल्या मालमत्तेची निम्मी वाटणी, आणि साधारणपणे लग्नाच्या निम्म्या काळापर्यंत पोटगी मिळण्याची शक्यता. आता नवरा म्हणतो, डॅलसला जाऊ. राज्याचा इन्कम टॅक्स नाही, घरही मोठं मिळेल. ती सामान बांधते, मुलांच्या शाळा बदलते. टेक्सासमध्ये ६ महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस राहिलं की तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. तिथला नियम असा की लग्नाला १० वर्षं झाली नसतील, तर घटस्फोटानंतरच्या पोटगीचा आदेश सहसा मिळत नाही. घरातल्या हिंसाचाराबद्दल नवऱ्याला शिक्षा, अपंगत्व असे मोजके अपवाद. १० वर्षं झाली असली तरी तिला स्वतःच्या किमान गरजा भागवता येत नाहीत हे दाखवावं लागतं, आणि रक्कम महिना ५,००० डॉलर किंवा नवऱ्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या २० टक्के, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जात नाही.

म्हणजे केंद्र सरकारने तिला कमवू दिलं नाही, आणि राज्य सरकार तिला सांगतं की कमवून खा. घटस्फोटाचा हुकूम झाला की एच-४ही संपतो. हा उघडउघड अन्याय आहे. राज्यांच्या स्वायत्ततेच्या गप्पा मारून तो झाकता येणार नाही.

आपली माणसंही यात कमी दोषी नाहीत. टेक्सासची नोटीस बजावली गेली की २० दिवस उलटल्यानंतरच्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत उत्तर दाखल करायचं असतं. मुलगी माहेरी आलेली असताना ते इंग्रजी कागद हातात पडतात. भाऊ म्हणतो, तिकडे कायदा बायकांच्याच बाजूचा, घाबरू नकोस. कागद कपाटात जातात. तिकडे एकतर्फी हुकूम होतो.

बरं, तो हुकूम भारतात चालेलच असंही नाही. तिरुपतीत लग्न झालेल्या एका नवऱ्याने मिसूरीतून असाच घटस्फोट मिळवला होता. बायकोने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला नव्हता, आणि ज्या कारणावर घटस्फोट दिला ते हिंदू विवाह कायद्यात नव्हतं. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम मानायला नकार दिला. निकाल योग्यच होता. पण अशा निकालानंतर बाई अमेरिकेत घटस्फोटित आणि भारतात विवाहित अशी अधांतरी राहते, आणि मालमत्ता, बँकेची खाती, मुलांचे पासपोर्ट हे सगळं बहुतेक वेळा अमेरिकेतच, नवऱ्याच्या ताब्यात असतं.

आईबापांनो, जावयाचं पॅकेज विचारता, व्हिसा विचारता, पत्रिका जुळवता. तो कोणत्या राज्यात राहतो आणि तिथला कायदा काय, हेही विचारा. आणि मुलींनो, राज्य बदलण्याआधी त्या राज्याच्या वकिलाला तासाभराची फी द्या. टॅक्स रिटर्न आणि बँक स्टेटमेंटच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. नोटीस आली तर त्याच दिवशी दोन्ही देशांतल्या वकिलांना दाखवा. उत्तर द्यायचं की नाही, कोणतं द्यायचं, हे मामाने किंवा भावाने ठरवायचं नाही.