बाकावरची तयारी

मस्कतमध्ये ४ डिसेंबर २०२४ रोजी भारताच्या ज्युनियर हॉकी संघाने अंतिम सामन्यात पाकिस्तानला ५-३ असे हरवून आशिया चषक राखला. पाचपैकी चार गोल एकट्या अराईजीतसिंग हुंडलचे. त्यानंतर बरोबर चोवीस दिवसांनी राउरकेल्यात हॉकी इंडिया लीगची सात वर्षे थंडावलेली चूल पुन्हा पेटली. ऑक्टोबरच्या लिलावात ज्युनियर पोरांची नावे पुकारली गेली होतीच. एकवीस वर्षांखालचा मुलगा महिनाभरापूर्वी आपल्या वयाच्या बचावपटूंना चकवत होता आणि आता त्याच्यासमोर ऑलिंपिक पदकवाले बेल्जियन नि डच उभे होते. तेव्हापासून दर हंगामाच्या तोंडावर हॉकीच्या वर्तुळात तोच प्रश्न चघळला जातो: पोरे व्यावसायिक संघासाठी तयार आहेत का? प्रश्न रास्त आहे. फक्त तो पोरांना विचारला जातो आणि संघमालकांना विचारायचे राहून जाते.

लीगचा नियम काय सांगतो ते आधी पाहू. पुनरागमनाच्या लिलावासाठी प्रत्येक संघात चोवीस खेळाडू ठरले. त्यांत किमान सोळा भारतीय, आठ परदेशी, आणि भारतीयांपैकी चार ज्युनियर असलेच पाहिजेत. पुरुषांचे आठ संघ, म्हणजे किमान बत्तीस ज्युनियर मुलांना व्यावसायिक संघाचा गणवेश मिळण्याची हमी झाली. महिलांचे चार संघ प्रथमच उतरले, तिथे आणखी सोळा मुली. कागदावर हे उत्तमच. पण मैदानावर एका वेळी अकराच उतरतात, आणि कोट्यवधींची थैली मोकळी करणारा मालक सामना जिंकायला बसलेला असतो. चार पोरे विकत घेण्याची सक्ती होती, पण त्यांना खेळवण्याची अट मात्र लीगच्या गाजलेल्या आकड्यांमध्ये कुठे दिसली नाही. मग दोन लाखांच्या मूळ किमतीतला मुलगा पाण्याच्या बाटल्या नेण्यात आणि शेवटच्या पाच मिनिटांत, सामना निकालात निघाल्यावर, पाय मोकळे करण्यात हंगाम काढतो. त्याला ‘अनुभव’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

हॉकीत तयारीचे माप वयापेक्षा जागेवर अवलंबून असते, हे आधी मान्य केले पाहिजे. पेनल्टी कॉर्नरचा बचाव जवळून पाहा. गोलरक्षक आणि चार जण गोलरेषेमागे उभे असतात. त्यांच्या तोंडावर मुखवटे, गुडघ्यांवर जाड पट्टे. बाजूने चेंडू आत सुटला की पहिला धावणारा थेट फटक्याच्या रेषेत झेपावतो. वर्तुळाच्या टोकाशी चेंडू थांबतो आणि ड्रॅग-फ्लिक सुटते. चेंडूचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. हा सगळा मामला दीड-दोन सेकंदांत आटोपतो. धावणाऱ्याने कोन चुकवला तर चेंडू मांडीवर नाही तर जाळ्यात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात जागतिक दर्जाच्या फ्लिकरपुढे असे धाडणे ही तयारी नव्हे, बेफिकिरी आहे. गोलरक्षकाचेही तेच. पी. आर. श्रीजेश अठराव्या वर्षी, २००६ मध्ये भारताकडून पहिल्यांदा उतरला खरा, पण संघाचा हक्काचा गोलरक्षक व्हायला त्याला आणखी पाचेक वर्षे लागली. त्याची ऑलिंपिक पदके टोकियोची आणि पॅरिसची. गोलपोस्टखाली घाई चालत नाही.

आघाडीची फळी आणि मधली फळी यांचे गणित निराळे आहे. तिथे सतत बदली खेळाडू येत-जात असतात, पाच-सहा मिनिटांच्या पाळ्या असतात, आणि तरण्या पायांची किंमत चौथ्या सत्रात कळते. लीगच्या पहिल्याच हंगामाने, २०१३ साली, हे दाखवून दिले होते. जालंधरकडचा मनदीपसिंग तेव्हा अठराच्या उंबरठ्यावर रांची ऱ्हायनोजमध्ये आला. दहा गोल केले, रांचीने पहिले विजेतेपद पटकावले आणि मनदीप थेट वरिष्ठ भारतीय संघात गेला. पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. तोच मनदीप २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या संघात नव्हता. त्या वर्षाअखेर तो परत ज्युनियर संघात उतरला, लखनौला विश्वचषक जिंकला, आणि मग टोकियो व पॅरिस अशी दोन ऑलिंपिक पदके त्याच्या गळ्यात पडली. म्हणजे अठराव्या वर्षी ‘तयार’ असलेला मुलगा एकविसाव्या वर्षी पुन्हा ‘अपुरा’ ठरला होता. तयारी म्हणजे एकदा मिळाले की आयुष्यभर पुरणारे प्रमाणपत्र असते, असे समजणाऱ्यांनी मनदीपची ही तीन वर्षे जरूर अभ्यासावीत.

लखनौचा तो संघ या वादात साक्षीला बोलवावाच लागतो. हरेंद्रसिंग प्रशिक्षक, हरजीतसिंग कर्णधार, अंतिम सामन्यात बेल्जियमवर २-१ अशी मात, गोल गुरजंतसिंग आणि सिमरनजितसिंगचे. होबार्टच्या २००१ च्या विजयानंतर पंधरा वर्षांनी ज्युनियर विश्वचषक घरी आला होता. महिनाभराने, जानेवारी २०१७ मध्ये, लीगचा पाचवा हंगाम सुरू झाला आणि यांतली बरीच मुले वेगवेगळ्या संघांकडून परदेशी दिग्गजांशी भिडली. लखनौच्या त्या अठरा जणांपैकी सात जण टोकियोला गेले: हरमनप्रीत, मनदीप, सुमित, वरुण, नीलकांत, गुरजंत आणि सिमरनजित. कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीविरुद्ध ५-४ च्या विजयात दोन गोल सिमरनजितचेच होते. चार जण त्यानंतर पॅरिसलाही होते. कर्णधार हरजीत मात्र या यादीत नाही. त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, पण वरिष्ठ संघात त्याचा जम बसला नाही. ज्युनियर स्तरावरचा कर्णधार मागे राहतो आणि पहिल्या यादीत ज्यांची नावेही कुणाच्या लक्षात नसतात ते पुढे निघून जातात. भविष्यवाणीचा धंदा करणाऱ्यांनी हॉकीपासून जरा लांबच राहावे.

आता नंतरच्या बॅचकडे बघा. लीग २०१७ नंतर बंद पडली. मधल्या काळात दोन ज्युनियर विश्वचषक झाले. २०२१ ला भुवनेश्वरमध्ये विवेक सागर प्रसादच्या, २०२३ ला क्वालालंपूरमध्ये उत्तमसिंगच्या नेतृत्वाखाली. दोन्ही वेळा आपण चौथे. भुवनेश्वरच्या संघातले पॅरिसच्या सोळा जणांत किती? दोन. विवेक सागर आणि संजय. त्यातला विवेक सतराव्या वर्षीच वरिष्ठ संघात गेलेला, टोकियोचे पदक आधीच मिळवलेला. म्हणजे नवा माणूस एकच. सगळा दोष लीगच्या बंद दाराला देता येणार नाही. काही पिढ्या मुळातच उंच असतात, आणि वरिष्ठ संघातल्या जागाही तेव्हा भरलेल्या होत्या. तरीही ज्युनियर संघ आणि भारतीय संघ यांच्यामधली पायरीच काढून घेतली तर मुलाने उडी मारूनच वर जायचे, हे साधे आहे. विवेकसारखा एखादा उडी मारतोही. बाकीचे रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, पंजाब पोलीस किंवा सेनादलांच्या नोकरीत स्थिरावतात, खात्याकडून स्पर्धा खेळतात आणि सव्विसाव्या वर्षी ‘माजी ज्युनियर इंटरनॅशनल’ म्हणून ओळखले जातात. खात्याच्या नोकरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. गरीब घरातल्या मुलांचे हॉकी तिच्यावरच आजवर जगले. पण ती नोकरी चरितार्थ देते, आठवड्याला एक तगडा सामना देत नाही.

नेमका तो सामना युरोपातल्या मुलाला मिळतो. नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियममध्ये मुलगा लहानपणापासून एकाच क्लबात वाढतो. सतराव्या वर्षी तो मोठ्यांबरोबर सराव करतो, दुसऱ्या संघाकडून खेळतो, आणि एखाद्या रविवारी कुणी जायबंदी झाला की पहिल्या संघात उतरतो. पुढच्या आठवड्यात परत खाली. त्याच्या तयारीवर अग्रलेख लिहायची वेळ कुणावर येत नाही, कारण ती वर्षभर तपासली जात असते. पुनरागमनाच्या हंगामात आपली लीग पाच आठवड्यांची होती. उरलेले सत्तेचाळीस आठवडे त्याच मुलाने राष्ट्रीय शिबिर, विद्यापीठ स्पर्धा, खात्याची स्पर्धा आणि जमल्यास परीक्षा यांच्यात विभागायचे. चेन्नई आणि मदुराईत नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या ज्युनियर विश्वचषकात हा फरक उघडा पडला. उपांत्य सामन्यात जर्मनीने आपल्याला ५-१ असे धुतले. पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही प्रशिक्षक श्रीजेशच्या या शिष्यांनी शेवटच्या सत्रात चार गोल करून ४-२ असे कांस्य खेचून आणले, नऊ वर्षांनी ज्युनियर विश्वचषकातले पदक मिळवले. जिद्दीचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो जर्मन वेगाला वारंवार सामोरे जाण्याचा.

क्रिकेटशी तुलना इथे हमखास येते. चौदा वर्षांचा वैभव सूर्यवंशी आयपीएलमध्ये पस्तीस चेंडूंत शतक ठोकतो, मग हॉकीत काय अडले, असे विचारले जाते. अडले ते एवढेच की फलंदाजाच्या अंगावर सहा फुटी बचावपटू आदळत नाही. शिवाय आयपीएलमागे वयोगटांच्या स्पर्धांची, रणजीची आणि पैशाची भक्कम उतरंड आहे. हॉकीत हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले याची बातमी झाली आणि व्हायलाच हवी होती. त्याच लिलावात किमान किंमत दोन लाख होती, आणि वर्षभर स्टिक, बूट, खुराक, फिजिओ हे सगळे त्यात भागवायचे असेल तर गणित जमत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे लांबून पाहणे शोभणारे नाही. खडकीच्या धनराज पिल्लेने प्रीमियर हॉकी लीगच्या काळात मराठा वॉरियर्सची धुरा वाहिली. २०१२ च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत पुणे आणि मुंबई असे दोन संघ होते. हॉकी इंडिया लीगमध्ये आधी मुंबई मॅजिशियन्स, मग दबंग मुंबई. विशीतला हरमनप्रीत त्याच मुंबईकडून खेळत होता. नव्या लीगचे आठ संघ ठरले तेव्हा त्यांत ना मुंबई होती, ना पुणे. देशाच्या आर्थिक राजधानीच्या नावाने हॉकी संघ घ्यायला एकही उद्योगसमूह पुढे आला नाही, आणि मुंबईतल्याच एका मोठ्या उद्योगसमूहाने संघ घेतला तो पंजाब-हरियाणाचा सूरमा! चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर हॉकी पाहत वाढलेल्या पिढीला याचे वाईट वाटले असेल. सरकारला वाटल्याचे ऐकिवात नाही.

आणि तरीही २६ जानेवारी २०२५ च्या रात्री रांचीत महिलांच्या पहिल्या लीगचे विजेतेपद कुणाच्या स्टिकने ठरवले? सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळच्या. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ असे हरवले, दोन्ही गोल तिचे. वरिष्ठ भारतीय संघात तेव्हा तिचा जम बसलेला नव्हता. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे याही तिच्याच जिल्ह्यातल्या. फलटण तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या मुली राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचतात, यामागे शाळेतले शिक्षक, गावचे मैदान आणि वसतिगृहात राहून सराव करण्याची सोय आहे. कुठल्याही लिलावाने हे घडवलेले नाही. लीगने ऋतुजाला एवढेच दिले की अंतिम सामन्यात तिला मैदानावर ठेवले. ती तयार आहे की नाही, याचे उत्तर तिने साठ मिनिटांत दिले. तिला बाकावर बसवले असते तर आपण अजून तिच्या तयारीवर चर्चाच करत बसलो असतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आघाडीच्या आणि मधल्या फळीतली आपली ज्युनियर मुले-मुली व्यावसायिक संघात खेळण्याइतकी तयार आहेत. पेनल्टी कॉर्नरच्या बचावात आणि गोलपोस्टखाली त्यांना हळूहळू मुरवावे लागेल, आणि तसे करण्यात कमीपणा नाही. लीग सुरू होताच यश मिळवण्याची घाई असलेल्या मालकांचा हिशेबही आम्ही समजू शकतो. उत्तर प्रदेशच्या संघाने पहिल्याच हंगामानंतर पैशाचे कारण देत काढता पाय घेतला, तेव्हा आर्थिक ताण खोटा नाही. परंतु ज्युनियर चार का, तीन का नाहीत, हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण त्या चौघांना खेळवण्याची सक्तीच नसते. एका सामन्यात अकरा जणांची मिळून सहाशे साठ मिनिटे होतात. त्यांतली साठ मिनिटे, म्हणजे दशांशाहूनही कमी, संघातल्या ज्युनियरांना मिळून द्यावीत आणि कुणाला किती ते प्रशिक्षकाने ठरवावे, एवढी अट घातली तर कुठल्याही संघाचे विजेतेपद हुकणार नाही. त्या मिनिटांची नोंद प्रत्येक सामन्यानंतर जाहीर व्हावी, म्हणजे कोणता संघ पोरे घडवतो आणि कोणता केवळ नियम भागवतो ते प्रेक्षकांनाही दिसेल. लीगबाहेरच्या महिन्यांत याच संघांच्या ज्युनियर पथकांची छोटी स्पर्धा भरवणे हे त्यापुढचे काम. त्याला वेळ लागेल. मिनिटांच्या अटीला वेळ लागत नाही. हॉकी इंडियाने पुढच्या लिलावाची नियमावली छापण्यापूर्वी ही एक ओळ तीत घालावी. आणि मुंबई किंवा पुण्याच्या नावाने संघ उभा करायला राज्य सरकारने उद्योजकांना बोलावून घ्यावे, निदान साताऱ्याच्या मुलींना ओडिशाकडून खेळून महाराष्ट्राचे नाव काढावे लागू नये एवढ्यासाठी तरी.