व्हेंटिलेटरवरील न्यूमोनिया: नमुना नळीतून की दुर्बिणीतून?

नायगावचा रुग्ण नांदेडच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. ४८ तासांनंतर ताप चढला, कफ घट्ट झाला, एक्स-रेत नवा डाग दिसला, तर डॉक्टरांना न्यूमोनियाची शंका येते. मग तुम्हाला विचारतात, ‘ब्रॉन्कोस्कोपी करायची का?’ खर्च परवडत नाही म्हणून नाही म्हणताना जीव खालीवर होतो.

श्वासनळीतल्या ट्यूबमधून सक्शनने कफ घेणे सोपे. पण त्यात ट्यूबवर नुसते वस्तीला असलेले जंतूही येतात. दुर्बिणीने फुफ्फुसाचा भाग धुऊन घेतलेला नमुना जास्त नेमका असतो, मात्र तज्ज्ञ लागतो आणि ऑक्सिजन खाली जाऊ शकतो.

फ्रान्समधल्या २००० च्या अभ्यासात दुर्बिणीची बाजू वरचढ ठरली होती. २००६ मध्ये कॅनडाच्या गटाने ७४० रुग्णांवर तुलना केली. २८ दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच, सुमारे १९ टक्के. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी साध्या नमुन्यालाच पसंती दिली. एक मेख आहे: कॅनडाच्या अभ्यासातून स्यूडोमोनास व एमआरएसए असलेले रुग्ण वगळले होते. आपल्याकडे औषधांना न जुमानणारे जंतू नेहमीचेच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंनंतर चर्चा औषधे आणि मनुष्यबळाची झाली. माझ्या मते कल्चरच्या प्रयोगशाळेचाही हिशेब तेव्हाच मागायला हवा होता. दुर्बीण नसली तरी चालेल. नमुना नवे अँटिबायोटिक सुरू होण्याआधी गेला का, आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदलले किंवा कमी केले का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.