ठिणगी आणि गोणपाट

राजकोट येथील टीआरपी गेम झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जणांचे प्राण गेले. त्यांत मुलेही होती. वेल्डिंगचे काम चालू होते, ठिणग्या खाली पडत होत्या आणि खालच्या ज्वालाग्राही सामानाने पेट घेतला, हे तेथील कॅमेऱ्यांनीच टिपून ठेवले होते. पुढे उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अग्निशमन दलाचा दाखलाच नव्हता हे उघडकीस आले, अधिकारी निलंबित झाले. या सर्वांची चर्चा झाली आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु ठिणगी आणि सामान यांच्यामध्ये काहीच का नव्हते, हा अगदी साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. त्या प्रश्नाकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आपल्या किनाऱ्यावर वेल्डिंगचे काम पावलोपावली चालते. मांडवी-जुवारीच्या काठी बार्जचे पत्रे बदलले जातात, बंदराबंदरांतून ट्रॉलरची डागडुजी होते, आणि हमरस्त्यावर तर दर मैलाला एखादे ग्यारेज असतेच. खाऱ्या हवेने मोटारींचे पत्रे लवकर कुजतात. त्यामुळे पत्रा कापणे आणि जोडणे हे काम येथे देशावरच्यापेक्षा अधिकच. देशाच्या अंतर्भागात तरी निराळे चित्र कोठे आहे? पवारांच्या जुन्या धार आणि देवास संस्थानांचा मुलूख पाहावा. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे मालमोटारी तयार होतात, मोटारींच्या चाचणीसाठी सव्वाअकरा किलोमीटरचा धावमार्ग तेथे २०२१ पासून आहे. त्या कारखान्यांतून जोडकाम पडद्याआड, नियमाने बांधलेले असते. परंतु तीच गाडी म्हातारी झाली की देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडील सतवाससारख्या गावी, रस्त्याकडेच्या ओट्यावर दुरुस्तीला येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा उसवलेला सांधा आणि तिच्या तळाशी उरलेले भुसकट यांच्यात चार बोटांचे अंतर असते. वाहन जन्माला येते शिस्तीत आणि आयुष्य काढते बेशिस्तीत, असा हा प्रकार आहे.

या बेशिस्तीवर आपल्या कारागिरांनी शोधलेला उपाय म्हणजे ओले गोणपाट. तो अगदीच टाकाऊ नाही. गोणपाट जोवर चिंब ओले आहे तोवर ठिणगी विझते. पण वेल्डिंगची धग मोठी. कडेचा भाग पाहता पाहता सुकतो, त्याला आधीच ऑइलचे डाग असतात, आणि रक्षण करण्यासाठी आणलेले गोणपाटच मग वातीचे काम करते. शिवाय मोटारीच्या आत, तारांच्या आणि बॅटरीच्या शेजारी पाणी निथळत ठेवणे हे काही शहाणपणाचे नव्हे.

याला पर्याय आहे तो उष्णतारोधक कांबळ्याचा. बाजारात त्याला वेल्डिंग ब्लँकेट म्हणतात. काचतंतूंचे विणलेले हे कापड पाचशे अंश सेल्सियसच्या आसपासची उष्णता सोसते. सिलिकाच्या तंतूंचे असेल तर हजार अंशांच्या जवळपास. वितळलेल्या पोलादाचा कण दीड हजार अंशांचा असतो, मग कापड टिकते कसे, अशी शंका येईल. कण लहान असतो, हवेतून येताना निवतो, आणि कापडावर पडला की त्याची उष्णता पसरून जाते, म्हणून टिकते. मात्र वितळलेल्या लोखंडाचा गोळाच वरून सरळ पडणार असेल तर पातळ कांबळे पुरत नाही, तेथे जाड गादीच लागते. विकणाऱ्याने हा भेद सांगावयास हवा. तो बहुधा सांगत नाही. ग्यारेजात तर या कांबळ्याचा उपयोग रोजचाच आहे. गाडीच्या आसनांवर, खालच्या गालिच्यावर आणि पुढच्या काचेवर ते टाकावे. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि मग कितीही पुसले तरी ते ठिपके जात नाहीत, हे ज्याने भोगले आहे त्याला अधिक सांगणे नको. एक काच बदलण्याच्या खर्चात असे एखादे कांबळे सहज येते.

येथे जुन्या मंडळींसाठी एक इशारा. पूर्वी याच कामासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड वापरीत आणि जुन्या कार्यशाळांच्या कोपऱ्यात त्याचे तुकडे अजूनही सापडतील. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने वर येतात. आगीपासून बचाव करणारी वस्तू छातीचा घात करणार असेल तर ती स्वस्तात मिळाली तरी महागच.

कांबळे म्हणजे कवचकुंडले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. तिला शेगडी लावणाऱ्याला जगातले कोणतेही कापड वाचविणार नाही. कारखाना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने १९४८ सालीच सांगितले होते की, ज्वालाग्राही द्रव्य व त्याची वाफ पूर्ण काढून टाकल्याखेरीज अशा पात्राला वेल्डिंग वा कटिंग करू नये. परंतु विजेवर चालणाऱ्या आणि किमान दहा कामगार असलेल्या जागेलाच तो कायदा कारखाना म्हणत असे. २०२० च्या नव्या संहितेने हा आकडा वीसवर नेला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मालक, एक कारागीर आणि एक पोऱ्या एवढ्यांवर चालणारे ग्यारेज कालही कायद्याच्या चौकटीबाहेर होते, आज तर ती चौकट आणखी दूर सरकली आहे.

पत्र्यापलीकडे काय आहे हे न पाहण्याची खोड तर जगभरची आहे. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालले होते. खालच्या छतातील थर्माकोलसारख्या आवरणाने पेट घेतला आणि १७ माणसे गेली. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ९ फेब्रुवारी १९४२ रोजी ‘नॉर्मंडी’ हे प्रचंड जहाज जळाले ते कटिंगच्या ठिणग्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडून. आग विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भाराने ते पुढे कलंडलेच. आमच्या ट्रॉलरमध्ये मासळीच्या कप्प्याला फोमचे आवरण असते, आणि त्याच कप्प्याच्या भिंतीला बाहेरून जोड दिला जातो. बाहेर कांबळे अंथरून आतला फोम जळत राहिला तर उपयोग काय? पलीकडच्या बाजूस एक माणूस उभा हवा.

म्हणून आमची मागणी अवाजवी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्राबरोबर एक कांबळे द्यावे. पण बहुतेक पोरे उस्तादाच्या हाताखाली शिकतात, संस्थेत नव्हे. तेव्हा व्यवसाय परवान्याचे नूतनीकरण करताना पालिकांनी आणि पंचायतींनी अग्निशामक नळकांड्यासमवेत कांबळे आहे की नाही हेही पाहावे, मात्र त्याचे निमित्त करून नवी चिरीमिरी सुरू होऊ देऊ नये. खंडेनवमीला वेल्डिंगच्या यंत्राला हळदकुंकू वाहणाऱ्या कारागिराला हत्याराचा मान राखणे शिकवावे लागत नाही. त्याच्या मालकाला मात्र खर्चासाठी राजी करावे लागेल, आणि ते काम गिऱ्हाइकानेच करावयाचे आहे. गाडी सोपविताना आसने काय घालून झाकणार, टाकी कोठे ठेवणार, एवढे दोन प्रश्न विचारावेत.

आणि एक गोष्ट तर बिनखर्ची आहे. ठिणगी पस्तीस फुटांपर्यंत जाते असे धरून अमेरिकेत तेवढ्या टापूतील सामान हलविण्याचा वा झाकण्याचा दंडक आहे, आणि काम संपल्यावर तेथे पहारा ठेवण्याची मुदत २०१९ च्या मानकाने अर्ध्या तासावरून एक तास केली आहे. आपल्याकडे शेवटचा जोड संध्याकाळी दिला जातो आणि लगेच शटर खाली ओढले जाते. तो शेवटचा जोड दुकान बंद करण्याच्या तासभर आधी द्यावा. उरलेल्या वेळात हिशेब लिहावा, हत्यारे पुसावीत आणि जाण्यापूर्वी कांबळे उचलून त्याखाली एकदा हात फिरवावा.