वाघ्या दवाखान्यात राहतो तेव्हा

बालदोस्तांनो,

निफाडहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वहीचं पान फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. 'माझं नाव छापू नका' असं पत्राच्या वर आणि खाली, दोनदा बजावलंय. म्हणून तिचं नाव सांगत नाही. तिच्या कुत्र्याचं मात्र सांगतो. त्याचं नाव वाघ्या.

ती लिहिते, "काका, आमच्याकडे द्राक्षांची काढणी चालू होती. पेट्या भरताना सुटे मणी खाली पडतात. वाघ्या शेपटी हलवत आला, म्हणून मी त्याला ओंजळभर दिले. त्याला फार आवडले. मग आणखी दिले. रात्री त्याला तीन उलट्या झाल्या. सकाळी तो उठेचना. पप्पांनी आणि मी त्याला नाशिकला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? पप्पा म्हणाले, दूध-भाकरी. मी तिथंच उभी होते, पण मार बसेल म्हणून गप्प राहिले. वाघ्याला त्यांनी ठेवून घेतलं. शेजारचे काका हसले, म्हणाले, कुत्र्याला कसला आलाय दवाखाना! रात्री मला झोप येईना. शेवटी आजीला सगळं सांगितलं. आजीनं पप्पांना उठवलं आणि पप्पांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. वाघ्या अजून तिथंच आहे, पिंजऱ्यात. आम्ही त्याला सोडून दिलं असं त्याला वाटत असेल का? माझ्यामुळे तो मरेल का?"

हे पत्र वाचून उत्तर छापून येईपर्यंत थांबवेना. सरळ फोनच केला. वाघ्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी तिचे प्रश्न घेऊ, कारण ते उद्या तुमचेही असू शकतात.

द्राक्षांनी कुत्रा आजारी पडतो, हे निफाड तालुक्यात सांगितलं तर मोठी माणसंसुद्धा हसतील. "आमचं कुत्रं दर हंगामात बागेतले मणी खातं, त्याला काही होत नाही!" खरं आहे. पुष्कळ कुत्र्यांना काहीच होत नाही. पण काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत काम करेनाशी होतात. कोणाला बाधेल आणि किती मण्यांनी बाधेल, हे आधी सांगता येत नाही. पशुवैद्यांनाही ही गोष्ट फार जुनी माहीत नाही. अमेरिकेत अशा कुत्र्यांच्या नोंदी २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झाल्या. पुढे २०२१ मध्ये तिथल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं. चिंचेतही ते असतं. बेदाणा म्हणजे तर वाळून लहान झालेलं द्राक्ष, तेव्हा मूठभर बेदाण्यांत किती द्राक्षं आली याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून मैत्रिणी, मणी दिलेस ही तुझी चूक नव्हे. जे मोठ्यांना ठाऊक नव्हतं ते तुला कुठून ठाऊक असणार? चूक गप्प राहण्याची होती, आणि ती तू त्याच रात्री सुधारलीस. तिचं मोल किती, ते पुढे कळेल.

आता दवाखान्यात काय चालतं ते पाहू. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई, म्हशी, शेळ्या येतात. आजारी कुत्र्याला रात्रभर ठेवून घ्यायची सोय तिथे सहसा नसते. म्हणून निफाडकरांना चाळीसेक किलोमीटरवरचं नाशिक गाठावं लागतं.

डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. वय किती? लस टोचली का? उलटी कधीपासून? काय खाल्लं? बागेत कुठलं औषध फवारलंय? माणूस "इथं दुखतंय" म्हणून सांगतो. जनावराला ते सांगता येत नाही. त्याचं तोंड आपण असतो. आपणच खोटं बोललो, तर डॉक्टर अंधारात चाचपडत राहतात. फवारणीचं औषध पोटात गेल्याची शंका असेल तर त्याच्या डब्यावरचं लेबल सोबत न्या.

मग पुढच्या पायावरचे केस थोडे भादरून बारीक सुई बसवतात आणि सलाईन लावतात. द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्याला ते साधारण दोन-तीन दिवस चालू ठेवावं लागतं, म्हणजे मूत्रपिंडं धुतली जातात. रक्त तपासतात. त्यात क्रिएटिनीन नावाचा पदार्थ वाढला, तर मूत्रपिंडं थकली असं समजायचं. लघवी किती झाली हेही पाहतात. सुई चावून काढू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालतात. फोटोत ती बघून हसू येईल, पण कुत्र्याला ती आवडत नाही.

आणि पिंजरा? ती शिक्षा नाही. सलाईन लावलेला कुत्रा मोकळा सोडला, तर नळी तुटेल. शेजारी दुसरे आजारी प्राणी असतात, त्यांचा रोग याला लागायला नको. वाघ्याला आठवण येत असणारच, ते मी नाकारत नाही. डॉक्टरांना विचारून घरच्या वासाची जुनी चादर किंवा तुझा न धुतलेला फ्रॉक त्याच्याजवळ ठेवता येतो. भेटायला जायचं की नाही, हेही डॉक्टरांनाच विचार. काही कुत्री घरच्या माणसाच्या हातूनच घास घेतात. काही मात्र माणूस परत निघाला की इतकी तडफडतात की सुई निघून येते.

आता थोडं आई-बाबांसाठी. ठेवून घेण्याआधी दवाखाना एका कागदावर सही घेतो. तो वाचून मगच सही करा. रोजचा खर्च किती, रात्री प्राण्याजवळ कोण असतं, फोन किती वाजता करायचा, हे तेव्हाच विचारा. पैसे कमी पडणार असतील तर तसं स्पष्ट सांगा. त्यात लाज नाही. कुठलं औषध टाळून चालणारच नाही आणि कुठली तपासणी मागे ठेवता येईल, हे डॉक्टर सांगू शकतात. माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी मात्र आपल्या मनाने जनावराला देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आणि प्राणी वाचलाच नाही, तर "शेतावर सोडला" असं मुलांना सांगू नका. मुलं वाट बघत बसतात.

शेजारच्या काकांनाही एक सांगायचंय. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि तिथेच १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टने लहान प्राण्यांसाठी पाच मजली रुग्णालय उघडलं. तेव्हा काका, कुत्र्याला दवाखाना असतो, आणि बराच जुना असतो!

बरं, वाघ्याचं काय झालं? पप्पांचा फोन आला नसता, तर साधं पोट बिघडलंय समजून डॉक्टर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी सोडणार होते. फोनमुळे त्यांनी रक्त पुन्हा तपासलं. क्रिएटिनीन चढायला लागलं होतं. सलाईन आणखी तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी आकडा उतरला आणि वाघ्या घरी आला. वाळलेला, भुंकून भुंकून घसा बसलेला, एका पायावर केस नसलेला. घरातली मांजर त्याच्यावर फिस्कारली, कारण त्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता. "आल्या आल्या माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला," असं मैत्रीण फोनवर म्हणाली. पुढच्या आठवड्यात त्याचं रक्त परत तपासायचंय. त्याची मूत्रपिंडं पूर्ण सावरली का, ते तेव्हा कळेल. सगळेच वाघ्या असे परत येत नाहीत, हेही तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "माहितेय काका."

या आठवड्याचं काम : वहीचं एक पान तुमच्या कुत्र्या-मांजरासाठी ठेवा. त्यावर त्याचं वय, वजन, लसींच्या तारखा आणि जवळच्या पशुवैद्याचा नंबर लिहा. खाली एक ओळ रिकामी सोडा : 'आज काय खाल्लं?' ती ओळ खरी भरायची, मग कोणी रागावलं तरी.

तुमचा,
डॉक्टरकाका