थॅचरबाईंचा बाजार कोणाच्या कामी आला?

मार्गारेट थॅचर यांनी आजारी ब्रिटनला बरे केले, हे वाक्य आपल्याकडचे खाजगीकरणाचे भाट १९९१ पासून पाठ म्हणत आले आहेत. सरकारी कंपनी विकायची असो की कामगार कायदा मोडीत काढायचा असो, दाखला ब्रिटनचा दिला जातो. ब्रिटनने बाजार मोकळा केला आणि तेथील सामान्य माणूस सुखी झाला, मग तुम्हीच का रडता, असा या मंडळींचा एकूण सूर असतो. थॅचरबाई ४ मे १९७९ रोजी पंतप्रधान झाल्या. त्यानंतर एक अख्खी पिढी म्हातारी झाली आणि तिची नातवंडे कमावती झाली. हिशेब मागायला एवढा काळ पुरेसा आहे.

हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९७५ साली ब्रिटनमध्ये महागाईचा दर २४ टक्क्यांवर गेला होता. १९७६ मध्ये तेथील मजूर पक्षाच्या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांमुळे लंडनच्या चौकाचौकांत कचरा साचला आणि लिव्हरपूलमध्ये प्रेते पुरायला माणसे मिळेनात. साध्या टेलिफोनसाठी महिनोन्महिने थांबावे लागे. अशा वेळी तेथील कष्टकऱ्यांनीही हुजूर पक्षाला मते दिली, ती काही वेडेपणाने दिली नाहीत. पुढे टेलिफोन लवकर मिळू लागला, विमानप्रवास स्वस्त झाला, दुकानांत माल वाढला. सरासरी उत्पन्नही वाढले. हे सारे खरे आहे आणि ते नाकारून आमच्या चळवळीचा काही फायदा नाही.

पण सरासरी हा मोठा फसवा प्रकार आहे. मालक आणि त्याचा गडी यांच्या उत्पन्नाची सरासरी काढली, तर गडीही श्रीमंत दिसतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात नेमके हेच झाले. विषमता मोजण्याचा गिनी निर्देशांक १९७९ साली सुमारे ०.२५ होता, तो १९९० पर्यंत ०.३४ च्या आसपास पोहोचला. घरखर्च वजा केल्यावर तळाच्या दहाव्या हिश्श्याच्या हाती जवळपास काहीच वाढ आली नाही. १९७९ मध्ये साधारण आठ मुलांमागे एक मूल गरिबीत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण चारांमागे एक झाले. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. १९८४-८५ मध्ये खाण कामगार वर्षभर संपावर राहिले आणि हरले. त्यांची गावे अजून सावरलेली नाहीत.

करांचे पाहा. थॅचरबाईंच्या पहिल्याच अर्थसंकल्पात आयकराचा सर्वांत वरचा दर ८३ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणला गेला, आणि १९८८ मध्ये ४० टक्क्यांवर. त्याच पहिल्या अर्थसंकल्पात व्हॅट ८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. श्रीमंताच्या तिजोरीवरचा बोजा उचलून तो गरिबाच्या पिशवीत टाकण्याची ही तऱ्हा होती. शेवटी तर उमरावाने आणि झाडूवाल्याने सारखाच कर भरावा, असा ‘पोल टॅक्स’ आला. ३१ मार्च १९९० रोजी ट्रफाल्गर चौकात त्याविरुद्ध दंगल उसळली आणि त्याच वर्षी बाईंची खुर्ची गेली.

तरीही बाई तीन निवडणुका जिंकल्या. का जिंकल्या, याचे उत्तर घरांत आहे, म्हणून घरांचा प्रश्न सविस्तर पाहायला हवा. १९७९ साली ब्रिटनमधील जवळपास एक तृतीयांश कुटुंबे कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या घरांत भाड्याने राहत होती. आपल्याकडच्या म्हाडासारखी ही घरे, पण संख्येने कितीतरी मोठी. १९८० च्या कायद्याने भाडेकरूला राहते घर विकत घेण्याचा हक्क मिळाला, तोही बाजारभावापेक्षा ३३ ते ५० टक्के स्वस्तात. आजवर वीस लाखांहून अधिक घरे अशी विकली गेली. आयुष्यभर गिरणीत, गोदीत राबलेल्या माणसाच्या नावावर घर झाले. त्याच्या आनंदाला आम्ही नावे ठेवणार नाही. घराचा मालक होणे म्हणजे काय, हे आमच्या वस्त्यांतल्या माणसाला सांगावे लागत नाही.

प्रश्न पुढचा आहे. विक्रीतून आलेल्या पैशाचा बहुतांश भाग नवी घरे बांधण्यासाठी वापरायला कौन्सिलांना मनाई होती. घरे विकली गेली, त्यांच्या जागी नवी आली नाहीत. बापाला मिळालेल्या घराची किंमत वाढत गेली आणि त्याच किमतीमुळे मुलाला घर घेता येईना. १९८८ च्या कायद्याने नव्या भाडेकरारांवरचे भाडेनियंत्रण उठवले आणि कारण न देता भाडेकरूला बाहेर काढण्याची वाट घरमालकांना मोकळी करून दिली. ती वाट बंद करणारा कायदा मंजूर व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. दरम्यान कौन्सिलने विकलेल्या फ्लॅटपैकी मोठा वाटा खाजगी घरमालकांच्या हाती गेला. आज त्याच फ्लॅटमध्ये गरीब भाडेकरू दुप्पट-तिप्पट भाडे भरून राहतो आणि त्या भाड्याचा मोठा भाग सरकार गृहभत्ता म्हणून भरते. म्हणजे जनतेचे घर जनतेनेच स्वस्तात विकले आणि आता जनताच त्याचे भाडे भरते आहे! इंग्लंडमध्ये २०२४ साली दीड लाखाहून अधिक मुले हंगामी निवाऱ्यांत राहत होती. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये ही विक्री बंद केली, ती उगाच नाही.

येथे आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्या वाचकांनी ती विशेष ध्यानात घ्यावी. सवलत सर्वांना होती, पण विकत घेण्याजोगे घर सर्वांकडे नव्हते. बागेसह असलेली चांगली घरे आधी कोणाला दिली गेली होती? लंडनच्या हॅकनी भागातील घरवाटपाची वांशिक समता आयोगाने चौकशी केली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. तेथे कृष्णवर्णीयांना सातत्याने कमी दर्जाची घरे दिली जात असल्याचे उघड झाले. कॅरिबियन बेटांतून आणि आपल्या उपखंडातून गेलेल्या अनेक कष्टकऱ्यांच्या वाट्याला उंच टॉवरमधले खुराडे आले. ते विकत घेऊन करणार काय? आधी पंगतीत शेवटी बसवायचे आणि मग जे पानात आहे ते तुमचे म्हणायचे, असा हा न्याय. बाजार जात-वर्ण पाहत नाही, असे सांगितले जाते. जात-वर्णाने आधीच करून ठेवलेली वाटणी तो तशीच पुढे चालवतो, एवढे मात्र दिसते.

अशाच एका टॉवरला, लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला, १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसे मेली. त्यांत स्थलांतरित आणि अल्पसंख्य कुटुंबांचा भरणा होता. इमारतीला बाहेरून लावलेले आवरण ज्वालाग्राही होते. आधी ठरलेल्या जस्ताच्या पत्र्यांऐवजी ते निवडल्याने वाचलेली रक्कम तीन लाख पौंडांहूनही कमी होती. सरकारी खात्यावर नियम कमी करण्याच्या धोरणाची इतकी पकड होती की जिवाच्या सुरक्षिततेचे प्रश्नही मागे पडले, असा निष्कर्ष चौकशी समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदवला.

सामान्य माणसाला भागधारक बनवण्याचेही गाजर होते. ब्रिटिश टेलिकॉम १९८४ मध्ये, ब्रिटिश गॅस १९८६ मध्ये विकली गेली. लाखो लोकांनी थोडेथोडे शेअर घेतले आणि चार पैसे मिळताच विकून टाकले. परिणाम असा की देशातील एकूण शेअरपैकी व्यक्तींच्या हाती असलेला हिस्सा १९८१ साली सुमारे २८ टक्के होता, तो १९९० पर्यंत सुमारे २० टक्क्यांवर घसरला. जनतेची भांडवलशाही म्हणून जिचा गाजावाजा झाला, तिची ही गत. हुजूर पक्षाचेच माजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९८५ मध्ये या विक्रीची तुलना घरातली चांदी विकण्याशी केली होती.

आणि पाणी! टेलिफोनच्या दहा कंपन्या असू शकतात. नळ एकच असतो. तरीही १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील पाणी खाजगी कंपन्यांना दिले गेले. देताना सरकारने त्यांचे सुमारे पाच अब्ज पौंडांचे कर्ज माफ केले आणि वर दीड अब्ज पौंड हुंडा म्हणून दिला. कर्जमुक्त झालेल्या या कंपन्यांवर आज साठ अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आहे आणि दरम्यान भागधारकांना अब्जावधींचा लाभांश वाटला गेला आहे. २०२४ या एका वर्षात इंग्लंडच्या नद्यांत आणि समुद्रात छत्तीस लाख तासांहून अधिक काळ मैलामिश्रित पाणी सोडले गेले. स्कॉटलंडने पाणी विकले नाही. तेथील व्यवस्था आजही सार्वजनिक मालकीची आहे.

या पाण्याच्या खरेदीदारांत आपल्या ओळखीचा एक गडी होता. दाभोळच्या वीजप्रकल्पासाठी महाराष्ट्राच्या मानगुटीवर बसलेल्या एन्रॉनने १९९८ मध्ये वेसेक्स वॉटर ही बाथ परिसराला पाणी पुरवणारी कंपनी घेतली होती. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला आणि वर्षअखेर एन्रॉनचेही दिवाळे वाजले. गुहागरचा शेतकरी आणि बाथचा पेन्शनर एकाच सावकाराच्या दारात उभे होते, हे त्या दोघांना कधी कळलेही नसेल.

बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते, तेव्हा तेथील संचालक होते विल्यम बेव्हरिज. यांच्याच १९४२ च्या अहवालावर ब्रिटनची कल्याणकारी व्यवस्था उभी राहिली. थॅचरबाईंचे वैचारिक गुरू फ्रेडरिक हायेक त्याच संस्थेत १९३१ मध्ये आले. एकाच छपराखाली दोन वाटा होत्या. राज्याचे नियंत्रण उठले की मोकळीक नेमकी कोणाला मिळते, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये उपस्थित केला आणि महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. घरमालक, कारखानदार आणि नळाचा मालक यांना मिळालेली मोकळीक ब्रिटनच्या जनतेने त्यानंतर भोगून पाहिली आहे.

सगळा दोष एकट्या बाईंच्या माथी मारणे सोपे आहे. टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाने १९९९ मध्ये किमान वेतन आणले, मुलांची गरिबी काही प्रमाणात घटवली. पण विकलेले फारसे काही परत घेतले नाही. २००८ मध्ये बँका बुडाल्या तेव्हा बाजाराला सोडून सरकार धावले. एका रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्येच ४५ अब्ज पौंडांहून अधिक ओतले. त्याची भरपाई २०१० नंतर ग्रंथालये, दवाखाने आणि अपंगांचे भत्ते कापून झाली. ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांनी २०१०-११ मध्ये सुमारे ६१ हजार शिध्याच्या पिशव्या वाटल्या होत्या. २०२३-२४ मध्ये एकतीस लाखांहून अधिक वाटल्या. घेणाऱ्यांत नोकरी करणारी माणसेही आहेत.

आता चाके उलटी फिरू लागली आहेत. २०२४ च्या कायद्यानुसार रेल्वेगाड्या पुन्हा सरकारी मालकीत येऊ लागल्या. मे २०२५ मध्ये साऊथ वेस्टर्न रेल्वे आली. पाण्याच्या राष्ट्रीयीकरणाला मात्र मजूर पक्षाच्या सरकारने नकार दिला. लंडनसह एक कोटी साठ लाख लोकांना सेवा देणाऱ्या थेम्स वॉटरला मे २०२५ मध्ये १२ कोटी पौंडांहून अधिक दंड झाला. त्याआधीच, एप्रिलमध्ये, तिच्या ग्राहकाचे सरासरी वार्षिक बिल जवळपास एक तृतीयांशाने वाढले होते. त्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे पाणी घ्यायचे झाले, तर घर बदलून दुसऱ्या गावी जावे लागते.