गेज की मायक्रॉन? प्लास्टिकचे शब्द वर्गात यायलाच हवेत



आपल्या जालना जिल्ह्यात शेततळ्यातलं पाणी प्लास्टिकच्या कागदामुळे टिकतं, मोसंबीची बाग ठिबकच्या नळीवर तगते आणि मिरचीच्या बेडवर मल्चिंग पेपर अंथरलेला असतो. पण शाळेत प्लास्टिकचा विषय निघाला, की आपण मुलांकडून एकच निबंध लिहून घेतो : 'प्लास्टिक – शाप की वरदान?' कचरा, बंदी, कापडी पिशवी हे सगळं सांगायलाच हवं. पण ज्या वस्तूवर घरचा संसार चालतो, तिची भाषाही मुलांना यायला नको का?

ही भाषा आली नाही तर नुकसान थेट खिशाला होतं. एकच उदाहरण बघा. शेततळ्याच्या अस्तराला साधारण ५०० मायक्रॉन जाडीचा कागद लागतो. बाजारात मात्र जाडी मायक्रॉनमध्येही सांगतात आणि गेजमध्येही. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर, म्हणून ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. १०० गेज म्हणजे मात्र साधारण २५ मायक्रॉनच. म्हणजे '५०० गेज'चा कागद भरतो जेमतेम १२५ मायक्रॉन, चौपट पातळ! आकडा तोच, शब्द वेगळा. कर्ज काढून तळं करणाऱ्या घरासाठी हा फरक केवढा मोठा आहे, ते वेगळं सांगायला नको.

हे पडताळून बघणं आठवीच्या मुलालाही जमेल. कागदाचा १० सेंमी × १० सेंमी तुकडा कापायचा. जाडी ५०० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ सेंमी असेल तर घनफळ ५ घन सेंमी होतं. एचडीपीईची घनता साधारण ०.९४ धरली, तर वजन ४.७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ५०० गेजचा तुकडा भरेल १.२ ग्रॅमच्या जवळपास. प्रयोगशाळेतला तराजू आणि घनतेचं सूत्र, एवढ्यावर गणित आणि विज्ञान दोन्हींचा तास होतो.

आता शब्दांकडे वळू. दहावीच्या पुस्तकात 'बहुवारिक' हा शब्द आहे. मुलं तो पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. कारण तो शब्द आणि रानातली नळी यांची गाठ आपण घालून देत नाही. एक मणी म्हणजे एकवारिक, मण्यांची लांबच लांब माळ म्हणजे बहुवारिक. इथिलीनचे मणी ओवले की पॉलिथिलीन, म्हणजेच आपली ठिबकची नळी. एवढं सांगितलं तरी पुरे.

कारखान्यातले नेहमीचे शब्दही घरातल्या वस्तूंवरून समजावता येतात :

• दाणा : कारखान्यात येणारा कच्चा माल. बियाण्यासारखे बारीक दाणे असतात, ते वितळवून वस्तू बनते. पहिल्यांदाच वापरला जाणारा दाणा 'व्हर्जिन', जुनं प्लास्टिक वितळवून केलेला 'रिप्रोसेस'.
• एक्सट्रूजन : चकलीचा सोऱ्या आठवा. वितळलेलं प्लास्टिक तोंडाच्या आकारातून सलग बाहेर येतं. पाइप आणि नळ्या अशाच बनतात. सोऱ्याच्या चकतीला इथे 'डाय' म्हणतात.
• इंजेक्शन मोल्डिंग : बंद साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचं. बादली, खुर्ची, बाटलीचं झाकण.
• ब्लो मोल्डिंग : साच्यात फुगा फुगवावा तशी आत हवा भरायची. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन.
• थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेटिंग : गूळ पुन्हा पुन्हा वितळतो, पण भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. बादली गुळासारखी, कुकरची काळी मूठ भाकरीसारखी.

प्लास्टिकचे प्रकार ओळखायला पाण्याची बादली पुरते. ठिबकच्या नळीचा आणि पीव्हीसी पाइपचा एकेक तुकडा पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे काढून टाका. नळीचा तुकडा तरंगेल, पीव्हीसीचा तळाशी जाईल. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, पीव्हीसी जड. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात असलेला आकडाही मुलांना शोधायला लावा. २ म्हणजे एचडीपीई, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन.

काही जण म्हणतील, "सर, हे सगळे इंग्रजी शब्द. मराठी माध्यमाच्या पोरांवर अजून ओझं कशाला?" काही म्हणतील, "परीक्षेत येत नाही." मला दोन्ही पटत नाही. मोल्डिंग, डाय, दाणा हे शब्द एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याच्या तोंडी पहिल्या आठवड्यातच येतात. शेजारी छत्रपती संभाजीनगरला सिपेट आहे. खुद्द जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथे जाऊ पाहणारी आपली मुलं हुशारीत कमी नसतात, शब्दांपाशी अडखळतात. कल्पना मराठीतून पक्की झाली असेल, तर परका शब्द हे तिचं दुसरं नाव ठरतं. कल्पनाच नसेल, तर 'बहुवारिक'ही परका आणि 'पॉलिमर'ही परका.

म्हणून विनंती एवढीच. शिक्षकांनी फळ्यावर पुस्तकातला शब्द आणि बाजारातला शब्द शेजारी-शेजारी लिहावा आणि वस्तू मुलांच्या हातात द्यावी. पालकांनी पाइप, नळी किंवा कागद घ्यायला जाताना मुलाला सोबत न्यावं आणि बिलावर काय लिहिलंय ते त्यालाच वाचायला लावावं. मायक्रॉन लिहिलंय की गेज, हे त्याने दुकानातच विचारलं, तर तो धडा त्याला कळला असं खुशाल समजा.